ळ

आमच्या छापखान्यात ळ-चा खण नेहमीच अर्धा.
मालक म्हणायचे, जपून वापरा,
जणू लिहिणारे काय लिहितात ते माझ्या हातात होतं.

त्या भाद्रपदात ती आली,
शनिवार पेठेत, तीन पायऱ्या उतरून,
टांगा दाराशी न आणता कोपऱ्यावर सोडून.
म्हाळसा पेडणेकर. तिला कोण ओळखत नव्हतं?
बुधवारातल्या पत्र्याच्या थेटरात
पिटातली पोरं तिच्या नुसत्या ‘अगंबाई’वर
पैसे फेकायची. त्यात माझाही एक आणा गेलेला.

दिवसाउजेडी निराळीच दिसली.
कानामागे कालचा रंग, हातात शिळ्या जाहिरातींचा गठ्ठा,
आणि त्यांच्या कोऱ्या पाठींवर पेन्सिलीनं
आख्खं नाटक. तीन अंकी.

‘लिहायला कुठे शिकलात?’ मी विचारून बसलो.
‘नकलांवरून,’ म्हणाली.
‘नटीला पुरतं नाटक कुठे देतात हो?
आपली वाक्यं तेवढी,
आणि समोरच्याचे शेवटचे तीन शब्द.
“...तर मग जा”, की मी रडायचं.
“...हेच तुझं नशीब”, की पायावर डोकं.
बारा वर्षं मला कोडं,
त्या तीन शब्दांच्या आधी हा बाबा बोलतो तरी काय,
की मला दर खेपेला रडावंच लागतं?
मग रात्री मीच लिहून बघायला लागले.
लिहिलं, आणि रडू येईना.’

मी जुळवायला घेतलं.
वेळ, गळा, जळो मेलं, काळजी, कळ,
दर पानाला माझा खण रिकामा.
एक फर्मा छापायचा, सोडायचा,
खिळे रॉकेलनं धुऊन परत खणात,
मग पुढचा. बोटं सोलली.
दुसऱ्या अंकात नवरा म्हणतो, तर मग जा.
ती रडत नाही. विचारते,
‘खोलीचं भाडं आजवर कोण भरत होतं?’
तिथे माझ्या हातून स्टिक सुटली,
ओळभर शिसं फरशीवर.

कंपनीच्या मालकांचा माणूस आला.
‘नाव मालकांचं घाला.
लोक बाई बघायला येतात, बाईनं लिहिलेलं नाही.’
मी घातलं.
पोटासाठी माणूस काय काय जुळवतो.

प्रुफं तिनंच तपासली. वेलांट्या पकडल्या,
एक अख्खं वाक्य उडवलं, ‘हे तोंडात बसत नाही’ म्हणून.
पहिल्या पानाला पेन्सिल लावली नाही.
उठता उठता म्हणाली,
‘माझं नाव जुळवून दाखवा. छापू नका.’
मी जुळवलं. खिळ्यांवर सगळं उलटं,
तरी झरझर वाचलं तिनं.
‘आरशासमोर जन्म गेला माझा.’
मग मधला ळ चिमटीनं उचलला,
पदराच्या गाठीत बांधला
आणि तीन पायऱ्या चढून गेली.
मी वहीत लिहिलं, ळ एक, गहाळ.
पगारातून दोन पैसे कापले.

पुढे बोलपट आले. कंपनी मोडली,
पडदे मंडईत गाळेवाल्यांनी नेले,
एका राजवाड्याखाली कित्येक दिवस कांदे होते.

चार वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, पायऱ्यांवर तीच.
चष्मा लागलेला. दुसरं नाटक, या वेळी वहीत.
गाठ सोडून तिनं खिळा दगडावर ठेवला.
‘आता लागेल.’

आम्ही तोवर नवे खिळे आणले होते.
जुना ळ त्यांच्याहून केसभर उंच.
म्हटलं, बाई, हा नीट बसायचा नाही.
म्हणाली, ‘नको बसू दे.’

पाचशे प्रती निघाल्या.
मुखपृष्ठावर तिच्या नावात एकच अक्षर
जरा जास्त काळं, कागदात रुतलेलं,
पाठीमागून बोट फिरवलं तर हाताला लागणारं.
मालकांनी चष्मा कपाळावर चढवला,
‘ही चूक कोणाची?’
मी म्हणालो, ‘लेखिकेची.’